सोजिरांच्या मागून आलेली सुई

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. आत प्लेगचे रोगी होते. इस्पितळात नेलेला माणूस रोगाने मरत नाही, त्याला मारतात, असे गिरणगावात तोवर सर्रास बोलले जात होते. त्याच महिन्यात कोटातल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला रातोरात कोणी डांबर फासले होते. (ते काम दामोदर चापेकरांचे होते, हे पुढे त्यांच्याच जबानीतून कळले.) या दोन गोष्टींची सांगड घालायला लोकांना वेळ लागला नाही. राणी चिडली आहे, अपमानाच्या बदल्यात तिला रयतेची काळजे हवी आहेत, आणि ती काढून पाठवायचे काम डॉक्टरांना दिले आहे! कोणी म्हणे, माणसाला उलटे टांगून त्याच्या डोक्यातली मोमियाई काढतात. इस्पितळात पाठवलेला माणूस बहुधा परत येत नसे, त्यामुळे खोटे म्हणायला पुरावाही कोणाजवळ नव्हता.

यातली एकही अफवा लसीबद्दल नव्हती, कारण प्लेगवर लस अजून निघालीच नव्हती. लस पुढे आली तेव्हा अविश्वासाचे घर आधीच बांधून तयार होते. तिने फक्त त्यात पाऊल टाकले.

प्लेग ओळखला तो डॉ. अकॅशियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी. बारदेशातल्या हडफड्याचा हा गोमंतकीय डॉक्टर मांडवीच्या गोदामांच्या गल्ल्यांत रोगी तपासत असे. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी हा ताप म्हणजे गाठीचा प्लेग असल्याचे उघड सांगितले. बंदर आणि व्यापार बुडेल म्हणून अनेकांना ते ऐकायचे नव्हते. म्हणजे लोकांच्या आधी खळखळ केली ती प्रतिष्ठितांनी, हे लक्षात ठेवायला हवे. अडाणी जनता आणि शहाणे सरकार अशी सरळ विभागणी करून ही गोष्ट सांगायची सवय आपल्याला लागली आहे. कागदपत्रे तसे सांगत नाहीत.

७ ऑक्टोबरला वाल्डेमार हाफकिन मुंबईत उतरले. जन्म ओडेसाचा, धर्माने ज्यू, शिक्षण मेचनिकॉफांच्या हाताखाली आणि नंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस त्यांनी पहिल्यांदा स्वतःलाच टोचली होती, आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात हजारोंना ती टोचत फिरत होते. रशियातून आलेला हा माणूस हेर तर नसेल, असा संशय काही इंग्रज अधिकाऱ्यांना येत असे. संशयाचा मक्ता फक्त रयतेकडे नव्हता! ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. बकऱ्याच्या मांसापासून केलेल्या रश्शात वर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे धागे लोंबू लागत. मग उष्णता देऊन ते मारायचे आणि ती मृत जंतूंची लस टोचायची. गोमांस नको आणि डुकराचेही नको, म्हणून बकरा निवडला होता. एवढा विचार त्या काळच्या फार थोड्या अधिकाऱ्यांनी केला असेल. अर्थात जैन, वैष्णव आणि ब्राह्मण घरांत बकऱ्यानेही प्रश्न सुटत नव्हता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटरचा मोठा डोस स्वतःच्या अंगात घेतला. ताप चढला, टोचल्या जागी ठणका लागला. ते उठले आणि कामाला लागले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचली. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला आणि कोणी मेले नाही. न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना झाला आणि सहा दगावले. आकडे बोलके होते. पण ते तुरुंगातून आले होते. गजाआड असलेल्या माणसाच्या राजीखुशीला किती अर्थ, हा प्रश्न आज आपण विचारतो. तेव्हा चाळीतल्या माणसाने तो वेगळ्या शब्दांत विचारला असणार: सरकार जे कैद्यांवर करून पाहते, ते आम्ही का घ्यावे?

हाफकिन बाटल्या भरत होते त्याच आठवड्यांत सरकार वेगळीच तयारी करत होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. घरात शिरणे, माणसाला उचलून नेणे, सामान जाळणे, प्रवास अडवणे, सगळ्याची मुभा त्यात होती. (मार्च २०२० मध्ये आपल्याकडे हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला.) मुंबईत मार्चमध्ये लष्कराच्या जनरल गॅटेकर यांच्याकडे प्लेग कमिटी गेली. पुण्यात त्याच कामासाठी साताऱ्याहून वॉल्टर रँड आले. १० मार्चला हडपसरजवळच्या माळावर, मुलाने, डॉ. यशवंतरावांनी उघडलेल्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. तीनच दिवसांनी पुण्याच्या पेठांत गोऱ्या सोजिरांनी घरझडती सुरू केली.

त्या झडतीची वर्णने पुण्यातल्या जुन्या घरांत पुढच्या दोन-तीन पिढ्यांपर्यंत सांगितली जात. बूट घातलेले सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. बायकांना उजेडात आणून काखेत, जांघेत गाठ आहे का ते पाहत. संशय आला की रोगी इस्पितळात आणि बाकीचे घर छावणीत. अंथरूण-पांघरूण, कपडे, कधी लाकडी सामानही रस्त्यावर काढून जाळायचे. अधिकारी म्हणत, सैनिकांना सौजन्याचे हुकूम दिले आहेत. टिळक ‘केसरी’त या जुलमावर तुटून पडत होते आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांनाही सोडत नव्हते. स्वतः मात्र ते पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभारण्यात पुढे होते. सरकारी रोगोपचाराशी भांडतानाही रोगोपचार नाकारायचा नाही, ही ती भूमिका होती. नंतरच्या कित्येकांना हा फरक कळला नाही.

गोखल्यांचे जे झाले ते अधिक बोलके आहे. त्या वर्षी ते विलायतेत होते. सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पुण्याहून आलेली पत्रे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रापुढे ठेवली. सरकारने पुरावा मागितला, पण नाव सांगून पुढे यायला कोणी तयार होईना. परत येताच गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. सरकारदरबारी प्रकरण मिटले. पेठांत मात्र ती माफी कोणी फारशी मनावर घेतली नाही. अब्रूचा बोभाटा करायला कोण पुढे येणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्यासाठी दामोदर चापेकर पुढच्या एप्रिलमध्ये फासावर गेले.

आता या सगळ्यात लस कुठे होती? कायद्याने पाहिले तर कुठेच नव्हती. प्लेगची लस सक्तीची कधीच नव्हती. झडती सक्तीची, इस्पितळ सक्तीचे, छावणी सक्तीची, रेल्वे स्टेशनावरची तपासणी सक्तीची; एकटी लस ऐच्छिक. पण हा भेद कायद्याच्या पुस्तकात राहिला. दारात येणारा साहेब तोच, त्याच्या मागे उभा असलेला पोलीस पाटील तोच, कार्बोलिकचा वासही तोच. काल ज्याने तुमचे अंथरूण जाळले, तो आज म्हणतो, दंड पुढे करा, तुमच्या भल्यासाठी आहे, जबरदस्ती मुळीच नाही. या शेवटच्या वाक्यावर कोण विश्वास ठेवील?

मग इस्पितळाच्या अफवा सुईकडे वळल्या. सुई हातभर लांब असते. टोचल्याबरोबर माणूस मरतो, आणि वाचलाच तर सहा महिन्यांत कोसळतो. पुरुषाचे पुरुषत्व जाते, बाई वांझ होते. पंजाबात तर एक असे चालले होते की खुद्द डेप्युटी कमिशनरने टोचून घेतले आणि अर्ध्या तासात तो तडफडून मेला. ही शेवटची अफवा मला विशेष वाटते. तिच्यात साहेबही मरतो, म्हणजे हा केवळ साहेबाच्या कपटाचा किस्सा नाही. ज्याने औषध आणले त्यालाही ते कळलेले नाही, असा संशय तीत आहे. आणि तो अगदीच निराधार नव्हता, हे पुढे दिसेलच.

अफवांच्या मागे साधी, रोजच्या जगण्यातली कारणेही होती. अहवाल लिहिणाऱ्यांनी ती फारशी मोजली नाहीत. लस टोचली की एक-दोन दिवस चांगलाच ताप येई, दंड सुजे, हात वर होत नसे. गिरणीत किंवा गोदीत रोजावर जाणाऱ्याला दोन दिवसांचा खाडा म्हणजे दोन दिवसांची चूल बंद. त्यातून हा ताप लसीचा की प्लेगचा, हे ओळखणार कोण? तापलेले अंग घेऊन स्टेशनावर किंवा झडतीत सापडलात तर थेट छावणी. म्हणजे लस घेतल्याने प्लेगचा धोका कमी होणार असेल, पण सरकारच्या हाती लागण्याचा धोका दोन दिवस वाढत होता. बायकांना परक्या पुरुषापुढे दंड उघडा करायचा होता. आणि ही लस काही कायमची नव्हती, तिचा असर काही महिन्यांचा. पुढच्या साथीला पुन्हा तोच ताप, तोच खाडा.

टोचून घेण्याची जुनी आठवणही होती. मुंबईला देवीची लस नवी नव्हती. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला इथेच हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली होती. पुढे कित्येक दशके एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचत. आपल्या लेकराचा फोड फोडून कोणा दुसऱ्या जातीच्या लेकराला त्यातले पाणी द्यायचे, किंवा घ्यायचे, याने आया हादरत. देवी टोचणारा गावात आला की पोरे माळ्यावर, धान्याच्या कणगीआड लपत. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात ती लस सक्तीची झाली. म्हणजे सुईला सक्तीचा इतिहास होता, आणि सध्या सक्ती नाही म्हणून सांगणाऱ्यांच्या जिभेवर भरवसा नव्हता.

हिंदुस्थानी माणसाच्या या आडमुठेपणावर इंग्रज अधिकारी अहवालांत हळहळत. त्यांच्या मायदेशात काय चालले होते? इंग्लंडमध्ये देवीची लस १८५३ पासून मुलांना सक्तीची होती, आणि तिच्याविरुद्ध संस्था, वर्तमानपत्रे, दंड भरण्याऐवजी तुरुंगात जाणारे बाप, सगळे होते. मार्च १८८५ मध्ये लेस्टर शहरात सक्तीविरोधात प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १८९८ मध्ये पार्लमेंटने कायदा बदलला आणि ज्याची सद्‌सद्विवेकबुद्धी लस नाकारते त्या पालकाला सूट दिली. म्हणजे दामोदर चापेकर फासावर गेले त्याच वर्षी. लेस्टरच्या कामगाराचा नकार सद्‌सद्विवेक ठरला आणि मांडवीच्या हमालाचा अंधविश्वास!

तरीही लाखोंनी लस घेतली, हे विसरून चालणार नाही. कोणी घेतली आणि का, हे पाहिले की नकाराचाही उलगडा होतो. मुंबईत खोजा जमातीने मोठ्या संख्येने घेतली, कारण त्यांच्या तरुण आगाखानांनी चारचौघांत, एकदा सोडून अनेकदा, स्वतःला टोचून घेतले. शिवाय आपला खुश्रू लॉज बंगला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला दिला. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना लस टोचली असे सांगतात. त्यांना गल्लीतली माणसे ओळखत होती, आणि ते सोजिरांशिवाय येत. खडकीला तोफखान्याच्या वस्तीत ६७१ जणांनी लस घेतली, त्यांतले १७ गेले. न घेतलेल्या ८५९ पैकी ९८ गेले. पोर्तुगीज अमलाखालच्या दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ जणांत ३६ मृत्यू झाले, न घेतलेल्या ६,०३३ जणांत १,४८२. बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन यांनी घराघरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले. पुढे २८ घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तिघे गेले. न घेतलेल्या ६४ पैकी २६. एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांत एवढे अंतर! शास्त्राच्या दृष्टीने याहून चोख पुरावा त्या काळी नव्हता. पण कोणाचा हात पुढे करायचा आणि कोणाचा नाही, हे त्या घरांनी पुढे कसे सोसले असेल, याची नोंद तक्त्यात येत नाही.

दुसरे कारण कमी उदात्त होते. १८९८ पासून लस घेतलेल्याला दाखला मिळू लागला आणि दाखला असला की छावणीतून, अलगीकरणातून सवलत. हुबळी-धारवाडकडे त्या वर्षी लोकांनी हजारोंनी टोचून घेतले. सरकारी अहवालांत हे लसीचे यश म्हणून नोंदले गेले. माझ्या मते ते छावणीचे अपयश म्हणूनही वाचायला हवे. दोन संकटांतले लहान कोणते, एवढा हिशेब लोकांनी केला होता, आणि तो हिशेब अगदी बरोबर होता.

सरकारला त्या वेळी प्लेग पसरतो कसा हेच माहीत नव्हते, ही या कहाणीतली सर्वांत मोठी गोम. गटारांत समुद्राचे पाणी सोडले, घरांवर कार्बोलिकचे फवारे मारले, कौले काढून ऊन आत घेतले, माणसे हलवली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले की रोग उंदरांचा आहे आणि तो पिसवांमार्फत माणसात येतो. बड्या शास्त्रज्ञांनी त्याला वेड्यात काढले. सरकारी शास्त्राने ते नीट मान्य केले १९०५ नंतर, मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेतील प्रयोगांतून. आणि लोक? घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे, रानात झोपड्या घालून राहायचे, हे आपल्याकडच्या खेड्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांतच ठरवून टाकले होते. कोणाच्या अडाणीपणात जास्त शहाणपण होते, याचा निकाल आज देणे सोपे आहे. पण ज्याने उंदीर पडताना पाहिले त्याला गटारे धुणाऱ्या साहेबाच्या ज्ञानाबद्दल तेव्हाच शंका आली असेल, तर नवल नाही.

१८९८ च्या अखेरीस एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन आले. त्यांनी हाफकिन यांच्या आकडेवारीतल्या त्रुटी काढल्या, डोस पक्का मोजला जात नाही असा ठपका ठेवला, आणि तरीही लस उपयोगी आहे, ती सक्तीची करू नये, असे सांगितले. ऑगस्ट १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटाने उघडली. मागणी वाढत गेली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना टोचायचा बेत केला, आणि त्या घाईत परळला बाटल्या जलद भरण्यासाठी कृती बदलली. पूर्वी लसीत जंतुनाशक म्हणून थोडे कार्बोलिक घालत, ते आता वगळले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. आठवडाभरात काहींचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. १९ माणसे मेली, आणि सगळीच्या सगळी एकाच बाटलीतली लस घेतलेली होती: क्रमांक ५३-एन. मुंबईचे सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स यांच्या चौकशी समितीने ठरवले की जंतू परळला बाटली भरतानाच शिरले असावेत. हाफकिन निलंबित झाले. साक्षीत मात्र वेगळेही काही होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. लस टोचणाऱ्या डॉ. एलियट यांनी बाटलीचा वास घेतला होता, तिला दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू महिनाभर तीत वाढले असते तर ती आली असती. परळच्या अनेक दिवसांच्या शिस्तीपेक्षा मुलकोवालच्या एका क्षणाच्या हलगर्जीपणाचा संशय अधिक होता. तो पुरावा बाजूला पडला.

अनेक वर्षे गावोगाव सांगितले जात होते की सुईने माणूस तडफडून मरतो, आणि अधिकारी हसत होते. आता एका गावात तसे खरोखर घडले. मुलकोवालनंतर पंजाबात लस घेणाऱ्यांची संख्या ढासळत गेली, आणि त्या माणसांना अंधश्रद्ध म्हणण्याची सोयही उरली नाही.

हाफकिन १९०४ मध्ये देश सोडून गेले आणि आपली बाजू मांडत राहिले. १९०७ च्या उन्हाळ्यात रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची निर्दोषता मांडली. त्या वर्षाअखेर सरकारने त्यांना मुक्त केले. कलकत्त्याला पुन्हा नेमले, पण माणसांवर लसीचे प्रयोग करण्याचे काम त्यांना परत दिले नाही. ज्या वर्षी लंडनमध्ये हे पत्र छापले गेले, त्याच १९०७ सालात एकट्या पंजाबात सहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली.